किनाऱ्यावरचे पाहुणे

सुट्टीहून परत आलेल्या माणसाला 'प्रवास कसा झाला?' म्हणून विचारावे, तर हल्ली बहुधा एकच उत्तर ऐकावयास मिळते : "जागा फार सुंदर, पण गर्दी असह्य." हे उत्तर देणारा गृहस्थ स्वतः त्या गर्दीत तीन दिवस उभा असतो. घाटात अडकलेल्या गाड्यांच्या रांगेत एक गाडी त्याचीही असते. वाळूवरच्या हजारो पावलांत दोन पावले त्याची असतात. पण गर्दीची मोजणी करताना तो स्वतःला मोजत नाही. गर्दी म्हणजे आपल्याला वगळून उरलेली माणसे, अशी तिची व्याख्या आपण सर्वांनीच मनोमन करून ठेवलेली आहे. ह्या व्याख्येतील तर्कदोष दाखवून देण्यास मोठे न्यायशास्त्र लागत नाही. परंतु हा केवळ तर्काचा दोष नव्हे. त्याच्या पोटी नीतीचाही एक प्रश्न दडलेला आहे. जी जागा सर्वांची आहे, तेथे जाण्याचा माझा हक्क कोठवर पोहोचतो, आणि तेथे गेल्यावर मी कोणाचा कोण लागतो, असा तो प्रश्न आहे.

आम्हां बेळगाव-निपाणीकडील लोकांना समुद्र नाही; पण समुद्र आम्हांला परका म्हणावा, असेही नाही. इंग्रजांच्या अमदानीत बेळगावच्या छावणीचा माल वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरे आणि आंबोलीचा घाट चढून वर येई. मीठ, सुकी मासळी, नारळ, आमसुले ह्यांच्या रूपाने समुद्रच आमच्या बाजारात येत असे. आजही बेळगावच्या परिसरातील भाजीपाला रोज घाट उतरून गोव्याच्या स्वयंपाकघरांत जातो. आणि लग्नसराईत बेळगावच्या कापडबाजारात उभे राहिले, तर मराठीइतकीच कोकणी कानांवर पडते. अशा ह्या जुन्या शेजारात येणेजाणे नवे नाही. नवे आहे ते त्याचे प्रमाण आणि त्याची तऱ्हा. 'गुड फ्रायडे'पासून ईस्टरच्या रविवारपर्यंत तीन दिवस सलग मोकळे मिळाले, की चोर्ल्याचा घाट, अनमोडचा घाट, आंबोलीचा घाट आणि फोंड्याचा घाट अशा चारही वाटांनी देशावरची माणसे खाली उतरू लागतात. कळंगुट, बागा, हणजुणे, हरमल येथे, आणि अलीकडे शिरोडा, वेंगुर्ला, तारकर्ली येथेही, शनिवारी दुपारी वाळू दिसेनाशी होते.

ही सुट्टी येते कोठून, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणारा रविवार तो ईस्टर, असा ख्रिस्ती पंचांगाचा ढोबळ नियम आहे. म्हणजे पुष्कळ वर्षी आपली चैत्री पौर्णिमा आणि त्यांचा ईस्टर ही एकाच चंद्राच्या हिशेबाने ठरतात. ज्या पौर्णिमेला निपाणी आणि बेळगाव भागातील माणसे सासनकाठ्या घेऊन जोतिबाच्या डोंगराकडे निघतात, त्याच पौर्णिमेच्या मागोमाग गोव्यातील ख्रिस्ती गावांत क्रुसावरील मरणाचा शोक पाळला जातो, आणि त्याच पौर्णिमेने समुद्राला उधाण येते. जत्रा, शोक आणि उधाण ही एकाच आठवड्यात यावीत, हा योगायोग मला एका वर्षी फार जवळून पाहावा लागला. म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

ते वर्ष २००६. त्या साली १४ एप्रिलला गुड फ्रायडेही होता आणि डॉ. आंबेडकरांची जयंतीही. आदल्याच दिवशी चैत्री पौर्णिमा झाली होती. आम्ही दोन कुटुंबांतील अकरा माणसे भाड्याची ट्रॅक्स करून पहाटे चारला निपाणीहून निघालो आणि आजरा, आंबोली, सावंतवाडी करीत दुपारच्या आत गोव्याच्या उत्तर भागातील एका लहान किनाऱ्यावर पोहोचलो. गावाचे नाव येथे देत नाही. मोठ्या किनाऱ्यांवर गर्दी असते, म्हणून आम्ही मुद्दाम हा आडबाजूचा किनारा निवडला होता. गर्दी टाळण्याची ही युक्ती आणखी दोन-तीनशे लोकांना सुचली होती, हे तेथे गेल्यावर कळले.

आमच्या गाडीचे दार उघडे होते आणि आत चित्रपटातली गाणी मोठ्याने चालू होती. मुले पाण्यात, बायका नारळाच्या सावलीत डबे सोडून बसलेल्या, आणि आम्ही दोघे-तिघे वाळूत आडवे झालेलो. अडीचच्या सुमारास मागच्या पाणंदीतून गावची माणसे एकामागून एक जाऊ लागली. बायका काळ्या वस्त्रांत, पुरुष इस्त्रीच्या सदऱ्यांत; कोणी बोलत नव्हते. त्या दिवशी ख्रिस्तमंदिरात घंटा वाजत नाही. तिच्या जागी लाकडी खटका वाजवतात. तो कोरडा आवाज आमच्या गाण्यांच्या पलीकडून येत होता, पण तो कशाचा, हे आमच्यापैकी कोणालाही ठाऊक नव्हते. कोणी चौकशीही केली नाही. गाणी चालूच राहिली.

भरती होऊन ओहोटी लागली होती, आणि पौर्णिमेच्या ओहोटीची ओढ काय असते, हे देशावरच्या माणसाला कोण सांगणार? माझा सतरा वर्षांचा पुतण्या कमरेएवढ्या पाण्यात उभा होता. पाहता पाहता तो छातीएवढ्या पाण्यात गेला आणि मग नुसते डोके दिसू लागले. त्या काळी तेथे जीवरक्षक नव्हते. गोव्याच्या किनाऱ्यांवर त्यांची व्यवस्थित योजना सुरू झाली ती २००८ साली. आमच्यात पोहणारा कोणी नव्हता. आम्ही ओरडलो, ते आमच्याच गाण्यांत बुडाले.

पाणंदीतून चाललेल्या माणसांपैकी पन्नाशीच्या एका गृहस्थाने मात्र ते पाहिले. त्याने बूट काढले, मनगटावरचे घड्याळ पत्नीच्या हाती दिले, आणि तो तसाच, त्या सणाच्या कपड्यांनिशी, पाण्यात शिरला. मागून दोन तरुणांनी होडी लोटली. दहा-बारा मिनिटांत मुलगा वाळूवर होता. पाणी ओकत होता, पण जिवंत होता. त्या गृहस्थाने सदरा पिळला, बूट हातात घेतले, आमच्याकडे एकदा पाहिले आणि तो वाट चालू लागला. प्रार्थनेला उशीर होत होता.

तासाभराने मी आणि माझे बंधू एका पाकिटात काही रक्कम घालून त्याला शोधीत ख्रिस्तमंदिरापाशी गेलो. आत माणूस मावत नव्हता. तो दाराबाहेर भिंतीला लागून उभा होता. अंगावरचे पाणी अजून निथळत होते, आणि ओल्या कपड्यांनी आत जाऊ नये, म्हणून तो बाहेर राहिला असावा. सर्व आटोपल्यावर मी पाकीट पुढे केले. ते त्याने घेतले नाही. मग मी गाण्यांबद्दल क्षमा मागितली. तुमचा आजचा दिवस कसला आहे, हे ठाऊक नव्हते, असे म्हणालो. त्यावर तो रागावला नाही. कोकणीत एवढेच म्हणाला, "दर्या सगळ्यांचो, पूण दार आमचें."

ह्या पाच शब्दांवर मी पुढे अनेक वर्षे विचार केला. त्यात दोन विधाने आहेत. आणि माझ्या मते ह्या प्रश्नावर तत्त्वज्ञांनी जे लिहिले, त्याचे सार त्या दोन विधानांत येऊन जाते.

पहिले विधान असे, की समुद्र सर्वांचा आहे. हे विधान औपचारिक नव्हे. ते फार महाग आहे. सहाव्या शतकात जस्टिनियन बादशहाच्या आज्ञेने रोमन कायद्याचे जे संकलन झाले, त्यात हवा, वाहते पाणी, समुद्र आणि त्यामुळेच समुद्राचा किनाराही निसर्गतः सर्वांच्या मालकीचा मानला आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीसंबंधीच्या एका खटल्यात हेच तत्त्व स्वीकारून शासन हे अशा संपत्तीचे केवळ विश्वस्त आहे, असा निर्णय दिला. मेक्सिकोत ह्याच पवित्र सप्ताहात राजधानी ओस पडते आणि सारा देश आकापुल्कोसारख्या किनाऱ्यांवर लोटतो. तेथेही किनारा राष्ट्राचा असतो, कोणा हॉटेलचा नव्हे. आणि किनाऱ्याची वाट अडवणाऱ्या मालकांना जबर दंड करण्याची तरतूद तेथील कायद्यात २०२० साली करावी लागली.

परंतु ह्या तत्त्वासाठी रोमला किंवा मेक्सिकोला जाण्याचीही गरज नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, ते ह्याच तत्त्वासाठी घडले : पाणी सार्वजनिक असेल, तर त्याच्या काठाशी जाण्यास कोणाचीही अनुज्ञा लागत नाही. १९३० साली शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रही जमले, तेही समुद्र जे देतो त्यावर राजाचा मक्ता नाही, हे सांगण्यासाठीच. आमच्या निपाणीत तर एप्रिल १९२५ मध्ये, ईस्टरच्याच दिवसांत, बहिष्कृत वर्गाची परिषद डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली भरली होती. ह्या सुट्टीत पूर्वी लोक परिषदा भरवीत, ही गोष्टही सहज ध्यानात घेण्याजोगी आहे.

म्हणून 'गर्दी फार झाली, आता किनाऱ्यावर प्रवेशशुल्क बसवा' असे कोणी सुशिक्षित गृहस्थ म्हणू लागला, की मी सावध होतो. शुल्काने गर्दी कमी होईल, ह्यात शंका नाही. पण कमी कोण होईल? वर्षभर विड्या वळून पाठ मोडलेली निपाणीची एखादी बाई आयुष्यात प्रथमच समुद्र पाहावयास येते. भिशीच्या पैशांतून दहा जणींनी मिळून केलेल्या गाडीत ती दाटीने बसलेली असते. शुल्क बसले, की पहिली वगळली जाईल ती ही बाई. ज्याला रिकामा किनारा विकत घेता येतो, त्याला गर्दीचा प्रश्न आजही पडत नाही. एकांत ही जर विकत घेण्याची वस्तू झाली, तर गर्दी ही गरिबांची संज्ञा होईल. चवदार तळ्याचा धडा गिरवलेल्या समाजाला ही वाट शोभणारी नाही.

आता दुसरे विधान : दार आमचे. येथे जर्मन तत्त्ववेत्ता कान्ट ह्याने १७९५ साली चिरंतन शांततेवर लिहिलेल्या निबंधात केलेला एक भेद उपयोगी पडतो. तो म्हणतो, परक्या भूमीवर माणसाला भेट देण्याचा हक्क आहे. पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही. भेट देण्याचा हक्क का, तर पृथ्वी गोल आहे. माणसांना तिच्यावर अनंत पांगता येत नाही, आणि म्हणून शेवटी एकमेकांचा शेजार सोसणे भाग आहे. पाहुणेपण मात्र यजमानाच्या खुषीने मिळते. ते मागून घेता येत नाही. गर्दीविषयी इतके मूलगामी विधान दुसरे माझ्या वाचनात नाही. गर्दी ही पृथ्वीच्या गोलाईतच लिहिलेली आहे. तिच्यावर रागावणे म्हणजे पृथ्वी सपाट व अमर्याद नाही म्हणून रागावणे होय.

अतिथीला देव मानावे, हा तैत्तिरीय उपनिषदाचा उपदेश आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पर्यटन खात्याने तो जाहिरातीतही वापरला. पण हा उपदेश कोणाला केलेला आहे, हे आपण विसरतो. विद्या संपवून घरी निघालेल्या शिष्याला, म्हणजे उद्याच्या यजमानाला, गुरूने तो केलेला आहे. तो यजमानाचा धर्म आहे, पाहुण्याचा हक्क नव्हे. 'मला देव मान' असे म्हणत दुसऱ्याच्या ओसरीवर चढणाऱ्याला कोणतेही शास्त्र देव म्हणत नाही. शिवाय अतिथी शब्दाचा एक अर्थ 'ज्याच्या येण्याला तिथी नाही तो' असा सांगतात, आणि मनुस्मृतीने एकच रात्र मुक्काम करणाऱ्यास अतिथी म्हटले आहे. आम्ही तर तिथी बघूनच येतो. दिनदर्शिकेत लाल आकडे शोधून, सहस्रावधींच्या संख्येने, दरसाल येतो. जो असा नेमाने येतो, त्याने अतिथीचे लाड मागू नयेत. त्याने शेजाऱ्याची जबाबदारी घ्यावी.

ह्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. गोव्याचा संसार पर्यटनावर चालतो. आम्ही पैसे मोजतो. मग ऋण कसले? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. खोलीचे भाडे, जेवणाचे मोल आपण देतो, आणि त्यावर तेथील अनेक घरे चालतात. परंतु पैसे ज्याच्या हाती पडतात तो, आणि आपल्या येण्याची किंमत जो मोजतो तो, हे बहुधा एक नसतात. रापण ओढावयाची तर वाळू मोकळी हवी. तेथे आपल्या खुर्च्या आणि गाड्या आल्या, की रापणकाराने जाळे कोठे ओढावे? मोरजी, मांद्रे, आगोंद येथे कासवे अंडी घालून जातात, आणि पिले बाहेर पडण्याचे दिवस ह्याच सुट्टीच्या आगेमागे असतात. त्यांनी आपल्याकडून कोणते भाडे घ्यावे? आणि ज्या माणसाने सणाच्या कपड्यांनिशी उडी घेतली, त्याचे घर तर पर्यटनावर चालतही नव्हते. पाकीट त्याने घेतले नाही, ते अभिमानाने नव्हे, असे मला वाटते. ते घेतले असते, तर व्यवहार पुरा झाला असता आणि आम्ही मोकळे झालो असतो. त्याने आम्हांला मोकळे केले नाही.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. मी एकटा गेलो नाही, म्हणून काय गर्दी हटणार आहे? मी एकट्याने गाणे बंद केले, म्हणून किनारा शांत होणार आहे का? धान्याच्या राशीतून एक दाणा काढला, तर रास ही रासच राहते, ह्या जुन्या ग्रीक कूटप्रश्नाचेच हे रूप. त्याचे उत्तर मला त्या दिवशी मिळाले आहे. दोन-तीनशे माणसांच्या गर्दीत ज्या गाण्यांनी आमची हाक बुडवली, ती गाणी एकाच गाडीतली होती. आमच्याच.

पंढरीची गर्दी ह्याहून लहान नसते. आषाढीला वाळवंटात पाय ठेवावयास जागा नसते. तेथेही घाण होते, आणि चंद्रभागेला ते सोसावे लागते. तरी परत आलेला वारकरी 'गर्दी फार' हा पहिला शब्द उच्चारीत नाही. कारण त्याच्या वारीत दुसरा वारकरी हा अडथळा नसतो. तो वारीचा भागच असतो. भेटला की त्याच्या पायाला हात लावावयाचा, असा तेथला दंडक आहे. समुद्रावर जाणाऱ्याला मात्र आपल्या आणि समुद्राच्या मध्ये कोणीही नको असते. तो सौंदर्य पाहावयास जातो आणि माणसाला पडद्यासारखा बाजूला सारू पाहतो. दोन्हीकडे माणसे तेवढीच. फरक एवढाच, की एका गर्दीत 'मी' मोजलेला असतो, दुसरीत नसतो.

सीमाभागात राहणाऱ्या आम्हां मंडळींना 'हे गाव कोणाचे?' हा प्रश्न १९५६ पासून चांगल्या परिचयाचा आहे. आपल्या दारावरची पाटी कोणत्या भाषेत असावी, हे आपल्याला न विचारता ठरले, की काय वाटते, हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. तेव्हा दुसऱ्याच्या दाराचे महत्त्व जर कोणाला उमजावे, तर ते आम्हांला. आणि तरीही त्या दुपारी आम्ही एका शोकमग्न गावाच्या दारात बसून गाणी लावली होती. अन्याय सोसल्याने माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्यासाठी वेगळा अभ्यास करावा लागतो.

२०१९ साली गोव्याने आपल्या कायद्यात दुरुस्ती करून किनाऱ्यांवर उघड्यावर मद्य पिण्याला आणि स्वयंपाक करण्याला दंड ठेवला. दंडाने बाटल्या कदाचित कमी होतील. पण स्टोव्ह पेटवणाऱ्या गरीब कुटुंबाला तो जितका बोचतो, तितका बंद आवारात गोंगाट करणाऱ्याला बोचत नाही. दाराशी अदबीने उभे राहणे, ही गोष्ट कायद्याने येणारी नव्हे. आपण कोणत्या दिवशी, कोणाच्या गावात आहोत, हे आधी विचारून घेणे. पाण्याची ओढ तेथल्या माणसाकडून समजून घेणे. आपला आवाज आपल्या वर्तुळाबाहेर जाऊ न देणे. आणि नेलेले सर्व परत आणणे. एवढे झाले, तरी पुष्कळ झाले. ह्यांत अवघड असे काहीच नाही, आणि म्हणूनच ते होत नाही.

माझा पुतण्या आता संसारी झाला आहे. दरसाल पास्कांच्या फेस्ताच्या सुमारास तो मुलाबाळांसह त्या गावी जातो. पण गुड फ्रायडेला नव्हे. तो सोमवारी जातो, सण झाल्यावर. आरंभी त्या गृहस्थाच्या घरी बेळगावचा कुंदा घेऊन जाई; आता गृहस्थ राहिला नाही, तर त्याच्या पत्नीकडे जातो. ती त्याला आंब्याचे लोणचे बांधून देते. मग ही मंडळी समुद्रावर जातात. तेथे गर्दी असतेच. परत आल्यावर मी मुद्दाम विचारतो, "गर्दी होती का रे?" तो म्हणतो, "होती, काका. आम्ही सहा जण होतो."